घरी बर्न केलेली गाण्यांची सीडी डेकवर वाजत नाही? या चुका टाळा

मागच्या महिन्यात मिरजेहून काकांचा फोन. "अरे तुझी सीडी कोरीच आहे की, डेक नुसता नो डिस्क म्हणतोय." माझं डोकंच फिरलं, कारण आजीच्या भजनी मंडळाच्या चार कॅसेट दोन रविवार घालवून कंप्युटरवर घेतलेल्या, खरखर काढलेली, एकेक अभंग वेगळा कापलेला, आणि बर्न केलेली (म्हणजे कंप्युटरने कोऱ्या डिस्कवर लिहिलेली) सीडी पाठवायच्या आधी माझ्याच कंप्युटरवर पूर्ण वाजवून बघितलेली. मी म्हटलं काका, तुमचा डेक म्हातारा झालाय. काका म्हणाले डेक नाही, तूच काहीतरी घोळ घातलायस. घोळ माझाच निघाला, कुठे ते पुढे येईलच.

कंप्युटरवर वाजली म्हणजे सीडी बरोबर आहे असं आपण धरून चालतो, सगळी गडबड तिथूनच सुरू होते. कंप्युटरचा ड्राइव्ह काहीही वाचतो, डेटा असो, अर्धवट सोडलेली डिस्क असो, आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी सीडी) असो. जुन्या डेकला एकच प्रकार कळतो, तो म्हणजे फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये ठरवलेली ऑडिओ सीडी, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, १६ बिट, दोन चॅनल, बास. त्यात एमपीथ्री नावाची गोष्टच नाही, ती आलीच नंतर.

म्हणून सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एमपीथ्री फाइली उचलून तशाच सीडीवर टाकणं. ती झाली डेटा सीडी, म्हणजे नुसत्या फाइली साठवलेली. ज्या डेकवर एमपीथ्री असं छापलेलं नाही तो ती वाजवणार नाही, फार तर एक भलामोठा ट्रॅक दाखवून गप्प बसेल. विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की तो विचारतो, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. आपण खुशीत दुसरं निवडतो, पण गंमत अशी की त्यानेसुद्धा डेटा सीडीच बनते, फक्त जास्त ठिकाणी वाचता येईल अशी. (पहिलं निवडलंत तर मग डेकचं नावच काढू नका.) खरी ऑडिओ सीडी हवी तर तिथे कॅन्सल करा, विंडोज मीडिया प्लेअर उघडा, बर्न टॅबमध्ये जा आणि तिथल्या मेन्यूत ऑडिओ सीडीवर टिक आहे ना बघा.

ओळखायची सोपी खूण सांगतो. बर्न झालेली सीडी कंप्युटरमध्ये उघडली आणि एमपीथ्री फाइली दिसल्या तर ती डेटा. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशी नावं आणि पुढे डॉट सीडीए दिसलं तर ऑडिओ. दुसरी खूण गाण्यांच्या संख्येची. ७०० एमबीच्या डिस्कवर ऑडिओ म्हणून फक्त ८० मिनिटं मावतात, फाइल कितीही छोटी असली तरी, कारण बर्न करताना ती उलगडून पूर्ण आकाराची होते. त्यामुळे "दीडशे गाणी बसवली बघ एका सीडीत" असं कोणी सांगितलं की समजायचं, ही घरच्या जुन्या डेकवर काही वाजत नाही.

त्या डॉट सीडीए फाइलींचा अजून एक सापळा आहे. माझ्या मावसभावाने एका ओरिजिनल सीडीतल्या या फाइली डेस्कटॉपवर कॉपी केल्या, चुटकीसरशी झाल्या म्हणून खूश, मग त्या नव्या सीडीवर टाकल्या आणि दिवसभर सीडी खराब लागली म्हणून दुकानदाराला शिव्या. अहो त्या फाइलींत गाणं नसतंच! प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइट, म्हणजे अमुक ट्रॅक इथून सुरू होतो एवढी नुसती चिठ्ठी. गाणं कंप्युटरवर घ्यायचं तर रिप करावं लागतं, म्हणजे प्लेअरला सीडीवरचं गाणं वाचून त्याची खरी फाइल बनवायला लावायची.

आता माझा घोळ. सीडीवर १२ मिनिटं उरली होती, म्हटलं नंतर अजून एखादी गवळण टाकू, म्हणून बर्न करताना डिस्क फायनलाइज करायची, म्हणजे लिखाण संपवून ती कायमची बंद करायची, टिक मी काढली. सीडीच्या आतल्या कडेला, गाणी सुरू होण्याआधी, एक अनुक्रमणिका असते, किती ट्रॅक आणि कुठून कुठे. डेक सगळ्यात आधी ती शोधतो. फायनलाइज होईपर्यंत ती तिथे लिहिलीच जात नाही, सगळी माहिती बर्नर स्वतःसाठी वेगळ्या जागी ठेवतो, म्हणून माझ्या बर्नरला गाणी दिसत होती आणि काकांच्या डेकला कोरी डिस्क. उपाय सोपा आहे, त्याच बर्नरमध्ये परत घालून फायनलाइज करा, बहुतेक वेळा सीडी वाया जात नाही. फक्त मग त्यावर काही वाढवता येत नाही, १२ मिनिटं गेली ती गेली.

आरडब्ल्यू वापरू नका, म्हणजे डेकसाठी नको. छापील सीडी लेझरचा साधारण ७० टक्के उजेड परत फेकते, आरडब्ल्यू १५ ते २५ टक्के. जुन्या डेकला तेवढ्यात दिसत नाही. आणि डीव्हीडीवर गाणी टाकून सीडी डेकमध्ये घालणारेही भेटलेत मला, त्यांना काय सांगणार.

सीडी सुरू होते पण शेवटची दोन-तीन गाणी अडखळतात, ही तक्रार वेगळी. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला, आणि बोटं लागतात तीही कडेलाच. शिवाय ५२ एक्स वगैरे जो वेग डब्यावर लिहिलेला असतो तो ड्राइव्ह कडेला पोचल्यावरच गाठतो, त्यामुळे घाईघाईतलं लिखाण तिथेच पडतं. मी बर्न करायचा वेग १६ किंवा २४ एक्सवर ठेवतो. अगदी ४ वर आणून काही फायदा नाही, आजच्या कोऱ्या सीडी तेवढ्या सावकाश लिहायला बनवलेल्याच नसतात. आणि वर कागदी स्टिकर चिकटवलं असेल तर ते जरा जरी एका बाजूला सरकलं तरी डिस्क फिरताना डुगडुगते. गाडीत तर मुळीच नको, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत स्टिकरची कड सुटते आणि सीडी स्टिरिओच्या फटीत अडकून बसते, मग आख्खा स्टिरिओ बाहेर काढा.

नाव लिहायला बॉलपेन घेऊ नका. आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं, चरा गेला तरी पुष्कळदा चालून जातं. वरच्या बाजूला चकाकीचा थर आणि त्यावर नुसता वार्निशसारख्या लॅकरचा पातळ हात. तिथे पेन रुतलं की गाणं गेलं, कुठल्याही पेस्टने परत येत नाही. मऊ टोकाचा सीडी मार्कर घ्या. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

गाडीचा स्टिरिओ एमपीथ्रीवाला असेल तर वरचं अर्धं विसरा, तिथे घोळ फाइलींचा असतो. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं बरेचदा एमफोरए या वेगळ्याच प्रकारच्या फाइलीत असतं, नाव बदलून एमपीथ्री केल्याने ते एमपीथ्री होत नाही, कन्व्हर्टच करावं लागतं. नावं देवनागरीत दिलीत तर बऱ्याच स्टिरिओवर नुसते चौकोन दिसतात, वाजायचं तसं वाजतं पण कुठलं गाणं ते कळत नाही.

आणि एवढं सगळं करायच्या आधी एक विकतची ओरिजिनल सीडी घालून बघा हो. तीही अडखळली तर लेन्सवर धूळ किंवा पावसाळ्यातला ओलावा. ती वाजली म्हणून मात्र लेन्स लगेच सोडून देऊ नका, कारण लेन्स थकायला लागली की आधी घरच्या सीडी बंद पडतात, विकतच्या अजून काही महिने चालतात.

काकांची सीडी आता वाजते. परवा फोन आला, म्हणे तिसऱ्या अभंगात मागे कुकरची शिट्टी आहे ती काढ. ती काढणार नाही म्हटलं, ती आजीच्या स्वयंपाकघरातली आहे.