परागकणांचा माग काढताय? या चुका टाळा

आंब्याला मोहोर आला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी शिंकांचा हंगाम सुरू होतो. आई न चुकता अंगणातल्या मानकुरादकडे बोट दाखवते. मी जीवशास्त्राचा मास्तर, त्यामुळे तिचं ऐकून गप्प बसणं जमेना. व्हॅसलिन लावलेल्या काचा ठेवून मी त्यांवर चिकटणारे परागकण मोजायला लागलो. मोजणी सोपी निघाली. तिचा अर्थ लावताना मात्र पहिल्या वर्षी मी जवळजवळ सगळ्या चुका केल्या.

डोळ्यांत भरणारं फूल गुन्हेगार नसतं

आंब्याचा पराग मुख्यतः माश्या वाहून नेतात. तो चिकट असतो, वाऱ्याबरोबर लांब जात नाही. मोहोराचा उग्र वास नाकाला झोंबतो हे खरं, पण झोंबणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. गुलमोहराचंही तेच. एप्रिलात हवेत तरंगणारा सावरीचा कापूस तर परागच नव्हे, तो बी उडवायचं साधन आहे. तरी शिव्या त्यालाच बसतात. चोर सोडून संन्याशाला सुळी.

वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांना नटण्याची गरज नसते. सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत, मिरामारच्या किनाऱ्यावरची सुरू, परसातला एरंड यांची फुलं आपल्याला फुलं वाटतही नाहीत. संशय घ्यायचा तर आधी यांच्यावर घ्या. माड मध्येच कुठेतरी बसतो. त्याच्याकडे मधमाश्याही येतात आणि त्याचा पराग वाऱ्यावरही जातो. शिवाय साधारण महिन्याला एक पोय (फुलोरा) उमलत असल्यामुळे त्याचा असा हंगामच नसतो. वर्षभर शिंकणाऱ्याने माडाकडे बघावं, फक्त ऑक्टोबरात शिंकणाऱ्याने सड्याकडे.

मोबाइलवरचा एक्यूआय म्हणजे पराग नव्हे

एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघून फसण्याची ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. ‘आज एक्यूआय हिरवा आहे, मग मला का त्रास होतोय?’ आपल्या देशातल्या एक्यूआयमध्ये आठ प्रदूषकं धरतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. पराग त्यात नाही. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक कण, आणि गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा. तो त्या चाळणीतून आतच जात नाही. काही अ‍ॅप ‘पोलन’ म्हणून आकडा दाखवतात, तो बहुतेक वेळा हवामान आणि झाडझाडोऱ्याच्या माहितीवरून बांधलेला अंदाज असतो, तुमच्या वाड्यावर (वस्तीत) कुणी मोजलेला नसतो.

काच कुठे ठेवली, यावर निम्मा खेळ

माझी पहिली काच स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली गोल, पारदर्शक, सुबक कणांची नुसती रास. मी हरखून गेलो, वहीत मोठा आकडा लिहिला. ते चपातीचं पीठ होतं. गव्हाच्या पिठातले मोठे कण आकाराने परागाच्या जवळपास येतात, नवख्याची फसगत ठरलेली. यावर उपाय बेसिक फुक्सिन नावाचा रंग. ग्लिसरीन जेलीत तो चिमूटभर घातला की परागाची भिंत गुलाबी होते, पीठ आणि राख कोरीच राहतात. तेव्हापासून गुलाबी नसेल ते मी मोजत नाही.

मग काच माडाखाली नेली. एका दुपारी शेकडो कण. वाटलं, आज अख्खा वाडा शिंकणार. कुणीही शिंकलं नाही. पोय थेट काचेवर झडली होती, एवढंच. काच झाडाखाली नको, भिंतीला चिकटून नको, चुलीजवळ नको. मोकळ्या गच्चीवर, वर छोटं छप्पर करून, कायम एकाच जागी आणि एकाच उंचीवर ठेवा. जागा बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना संपली.

अशा काचेवर वरून पडणारेच कण मिळतात, त्यामुळे जड कणांचं पारडं आपोआप जड होतं. शास्त्रज्ञ वापरतात ते हर्स्टचं यंत्र, इंग्लंडमध्ये १९५२ साली तयार झालेलं. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढतं, आणि आतली चिकट पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते. म्हणून दिवसाच्या १४.४ घनमीटर हवेत किती कण होते आणि त्यातले सकाळचे किती, दोन्ही कळतं. तुमच्या काचेवरचे ‘चौरस सेंटिमीटरला चाळीस’ आणि पेपरातले ‘घनमीटरला चाळीस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी शेजारी मांडू नका.

ओळखीचा मोह हा वेगळाच. गवताचा कण म्हणजे एकच भोक असलेला चेंडू; सुरूचा त्रिकोणी, तीन कोपऱ्यांना तीन छिद्रं. इतकं शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसतं. पण गवतांतलं हे कुठलं, ते सांगता येत नाही. वहीत ‘गवत’ लिहून थांबा.

आकडे आणि शिंका जुळत नाहीत?

आधी तारीख तपासा. माझी काच सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी आठ. मी आकडा लिहायचो काच काढली त्या दिवसापुढे, म्हणजे शिंका सोमवारच्या आणि पराग रविवारचा. दोन महिन्यांची वही पुन्हा लिहावी लागली. दुसरं, शून्य आणि रिकामी जागा यांत गल्लत करू नका. पावसाने काच धुऊन गेली तर तिथे फुली मारा, ० नको.

वहीत औषधाचा रकाना हवाच. पराग वाढला आणि शिंका नाहीत, तर आदल्या रात्री सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेतली होती का ते बघा. हीच गोळी अ‍ॅलर्जीच्या त्वचेवरच्या चाचणीतही घोळ घालते. ती चालू असेल तर सुईने टोचल्यावर यायला हवी ती गांधी उठतच नाही. म्हणून चाचणीआधी साधारण आठवडाभर ती बंद ठेवायला सांगतात. किती दिवस ते मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे पहिल्या फवाऱ्याला गुण देत नाही, त्याला काही दिवस लागतात. ‘काही उपयोग नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी तो फेकून देणारे माझ्याच घरात दोन आहेत.

पावसात पराग नाही, मग शिंका कुठल्या?

जूनमध्ये काच जवळजवळ कोरी असते आणि माणूस निर्धास्त होतो. पण गोव्याच्या पावसात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चपलांवर बुरा चढतो. बुरशीचे बीजाणू आणि गादीतल्या धुळीतले किडे, दोघांनाही ओलावाच हवा असतो. पावसाने हवा दरवेळी स्वच्छच होते असंही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात मेलबर्नमध्ये वादळाच्या वेळी गवताचे परागकण फुटून अगदी बारीक झाले, थेट फुप्फुसात गेले आणि हजारो लोकांना एकाच संध्याकाळी दम लागला. दहा जण दगावले. त्यामुळे छातीत घरघर झाली तर वही बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा.

चवथीत आमच्याकडे आळ माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या सजावटीवर, येतो. रानातली फळं, पानं, वेली डोक्यावर टांगलेल्या, मग दुसरं कोण? पण वही चाळली तेव्हा दिसलं की शिंका माटोळी बांधायच्या आदल्या दिवशीच सुरू व्हायच्या, माळ्यावरून समया आणि मखराचे खोके खाली यायचे त्या दुपारी. वर्षभर बंद, ओलसर, धुळीने माखलेले. यंदा ते काम धाकट्या भावाकडे दिलंय. त्याला काहीच होत नाही.