खोडदची दुर्बीण मुलांना दाखवायची तर

पहिल्या वर्षी सातवीचा वर्ग नारायणगावजवळच्या खोडदला नेला, तेव्हा बसमधून उतरताच एका पोराने विचारलं, "बाई, डोळा कुठं लावायचा?" चूक माझीच होती. दुर्बीण दाखवते म्हटलं, पण ती रेडिओ लहरी पकडते, तिला डोळा लावता येत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. आता सहलीआधीचा आठवडा मी तयारीला देते.

सुरुवात मैदानावर. खुंटीला साडेबावीस मीटर दोरी बांधून फक्कीने वर्तुळ आखा. खोडदच्या दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), एक तबकडी एवढी असते, ४५ मीटर व्यासाची. मुलं गप्प होतात, कारण आमचं कबड्डीचं मैदान त्यात कुठल्या कुठे हरवतं. अशा ३० तबकड्या आहेत. म्हणून ३० मुलं घ्या. १४ जणांना मध्ये जवळजवळ उभं करा, उरलेल्या १६ जणांना तीन फाट्यांवर लांब लांब पाठवा. खरे फाटे इतके लांब जातात की सगळा पसारा २५ किलोमीटरचा होतो. मग सगळ्यांनी एकाच झाडाकडे बोट दाखवायचं. ३० मिळून एक दुर्बीण कशी होते, हे त्या क्षणी पोरांना कळतं. फळ्यावर मला ते कधीच जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरून चाळणी आणायला सांगा. तबकडी पत्र्याची नसते, बारीक तारेच्या जाळीची असते. मग लहर आरपार जात नाही का? चाळणीतून पाणी गळतं, बटाटा गळत नाही. अवकाशातल्या हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरीला ती जाळी भिंतीसारखीच. वारा मात्र निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या चमूची. याच स्वरूपांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या उभ्या केल्या होत्या. आपल्याकडे रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात लोकलच्या वाटेवर झाली, हे मुंबईकरांनाही ठाऊक नसतं.

तिथे मोबाइल बंद का ठेवायचे, हे नुसतं बजावू नका. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून शेजारी मिक्सर फिरवा. गाणं खरखरीत बुडतं. आकाशातून येणारी लहर त्या गाण्यापेक्षा कितीतरी क्षीण असते, एवढंच सांगा. पोरं मग आपणहून बसमध्ये शिक्षकांचे फोन तपासतात. स्मार्ट घड्याळंही बंद करायला लावा, ती हमखास विसरली जातात.

जायचं कधी? २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांचे प्रयोग असतात, पण गर्दीही मरणाची. शांतपणे बघायचं असेल तर आधी लेखी परवानगी काढून एरवी जा. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. टोप्या आणि पाणी भरपूर घ्या, आवारात सावली कमी.

तिथे पोचल्यावर तबकड्या कधी वळतात यावर नजर ठेवा. वळल्या की सगळ्या एकाच बाजूला. माहिती देणाऱ्यांना "किती लांबचं दिसतं?" असं विचारू देऊ नका. "आत्ता कुणाकडे रोखल्यात?" हा प्रश्न मुलांकडून बसमध्येच पाठ करून घ्या. गेल्या वर्षी उत्तर मिळालं, "एका पल्सारकडे," म्हणजे गरगर फिरत ठराविक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या मेलेल्या ताऱ्याकडे, आणि परतीच्या वाटेवर मिसळ येईपर्यंत पल्सार म्हणजे काय यावरच भांडण चाललं होतं.