एक-दोन घरांचे मालक: भाडे, ओल आणि फेरविक्रीचा हिशेब

राहत्या घराखेरीज आणखी एखादी सदनिका ज्याच्या नावावर असते, तो माणूस स्वतःला व्यावसायिक समजत नाही. ती सदनिका कधी वडिलांकडून आलेली असते, कधी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली असते, आणि त्यामुळे तिचा हिशेब वहीत न मांडता मनातल्या मनात मांडला जातो. पुण्यातील दोन जुन्या सदनिका अनेक वर्षे भाड्याने देताना, आणि मध्यंतरी त्यांतील एक दुरुस्त करून विकताना, मला जो त्रास झाला त्यातील बराचसा ठरलेली गोष्ट लिहून न घेतल्यामुळे, किंवा भिंतीवरची ओल दिसत असूनही दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलल्यामुळे झाला. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर बेतलेले आहे. कायद्याचे तपशील महाराष्ट्राचे आहेत आणि शहरागणिक बदलणाऱ्या गोष्टी पुण्याच्या आहेत.

आधी वर्षाचा हिशेब

समजा, ६० लाख रुपये किमतीची सदनिका दरमहा २२,००० रुपये भाड्याने जाते. कागदावर वर्षाचे २,६४,००० रुपये दिसतात. त्यातून एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रिकामा जाणारा एक महिना, मध्यस्थाला द्यावे लागणारे एका महिन्याचे भाडे, सोसायटीचे दरमहा अडीच हजार, मिळकतकराचे बारा हजार आणि रंगकाम, नळ, गिझर अशा किरकोळ कामांचे वीस हजार वजा केले, तर हाती १,५८,००० रुपये उरतात. घराच्या किमतीच्या मानाने हे प्रमाण अडीच टक्क्यांहून थोडेसेच अधिक आहे. याच घरावर ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले असेल, तर मासिक हप्ता सुमारे ३६ हजार रुपये येतो, म्हणजे भाडे पूर्ण आले तरी दरमहा चौदा हजार रुपये पगारातून घालावे लागतात. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल या समजुतीने घर घेणाऱ्याने हे गणित स्वतःच्या आकड्यांनी मांडून पाहावे आणि किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिल्यावर ती सवलत लागू राहत नाही, त्यामुळे मागील मालकाचे बिल पाहून कराचा अंदाज बांधू नये. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क मात्र सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाने २००१ मध्येच ही मर्यादा घातली आहे. सोसायटी त्याहून अधिक मागत असेल, तर भांडण न करता त्या आदेशाचा उल्लेख असलेले पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

किल्ली देण्याआधी

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही फार पसरलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार (ज्यात भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीसाठी केवळ राहण्याची परवानगी दिली जाते) लेखी असणे आणि नोंदलेला असणे बंधनकारक आहे, मग त्याची मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. याहून व्यवहारात अधिक जड जाणारी गोष्ट अशी की करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मी सुरुवातीला एकदा केवळ नोटरीच्या शिक्क्यावर घर दिले होते. दुसऱ्या वर्षी भाडेवाढीचा प्रश्न आला तेव्हा, बोलणे तसे झालेच नव्हते, असे भाडेकरूने शांतपणे सांगितले आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते.

नोंदणीचा खर्च याच्या तुलनेत किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असून ते मुदतीचे एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज या बेरजेवर आकारले जाते. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये आहे. दरमहा २२,००० रुपये भाडे आणि ६६,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी मुद्रांक शुल्क सहाशे-सातशे रुपयांच्या घरात येते. आधार आणि बोटांचे ठसे वापरून हा दस्त घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, त्यामुळे वेळ नाही ही सबब आता उरलेली नाही.

करारात भाडे आणि मुदत सगळेच लिहितात. त्यापलीकडे पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: नूतनीकरणाच्या वेळी भाडे किती टक्क्यांनी वाढेल, दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सूचना द्यायची, लहान दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची, वीजबिल व गॅस यांची अखेरची रक्कम कशी वळती करायची, आणि अनामत कोणत्या दिवशी परत मिळेल. पंखे, दिवे, गिझर, नळ, पडदे टांगायच्या दांड्या यांची यादी करारालाच जोडावी. ताबा देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत प्रत्येक खोलीची चित्रफीत घ्यावी, वीजमीटरचे वाचन छायाचित्रात टिपावे, आणि ती चित्रफीत त्याच दिवशी त्यालाही पाठवावी. अशी नोंद दोघांनाही उपयोगी पडते. प्रामाणिक भाडेकरूला तर ती अधिकच उपयोगी पडते, कारण आधीपासून असलेला फरशीचा तडा त्याच्या माथी मारता येत नाही. राहण्याने होणारी नैसर्गिक झीज, म्हणजे मळलेला रंग किंवा सैल झालेली बिजागरी, हिचे पैसे अनामतीतून कापणे मला न्याय्य वाटत नाही. तुटलेले बेसिन ही वेगळी बाब आहे.

भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिसांकडे ऑनलाइन भरून तिची पोच जपून ठेवावी आणि नोंदलेल्या कराराची प्रत सोसायटीला द्यावी. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमावलीप्रमाणे, घर भाड्याने देण्यास सोसायटीची पूर्वपरवानगी आवश्यक नसते, पूर्वसूचना मात्र द्यावी लागते.

भाडेकरू निवडताना नोकरीचे पत्र, मागील तीन महिन्यांचे बँक विवरण आणि शक्य असल्यास आधीच्या घरमालकाशी एक फोन, एवढे पुरेसे असते. आडनाव विचारून, किंवा अविवाहित आहे म्हणून, माणसाला दारातून परत पाठवण्याची आपल्याकडची रीत अन्याय्य आहे आणि तिने मालकाचे नुकसानही होते. माझ्या घरात सर्वांत वेळेवर भाडे देणारी मंडळी म्हणजे रुग्णालयात नोकरी करणाऱ्या आणि एकत्र राहणाऱ्या तीन मुली होत्या.

मुदत संपल्यावरही घर सोडले नाही, तर कुलूप बदलणे किंवा वीज-पाणी तोडणे हे कधीही करू नये. नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारातील मजकूर तेथे निर्णायक पुरावा मानला जातो.

ओल

जुन्या इमारतीत मालकाचा खरा पैसा आणि झोप ओलीमुळे जाते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. भिंतीला पोपडे आले की पुट्टी भरून रंग मारून घेणे हा सर्वांत महाग उपाय आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात तेच पोपडे पुन्हा येतात आणि तोवर आतली सळई गंजत राहते. आधी पाणी कोठून येते ते शोधावे. डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची, छज्जा किंवा बाहेरच्या भिंतीची भेग यांचा संशय घ्यावा. बारा महिने तसाच ओला राहत असेल तर वरच्या मजल्याचे न्हाणीघर, नहाणी ट्रॅप (जमिनीतील निचऱ्याच्या तोंडाखालचे भांडे) किंवा भिंतीतील नळ तपासावा. न्हाणीघराची परीक्षा सोपी आहे. निचऱ्याचे तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास साठवावे आणि खालच्या छताचे आधीचे व नंतरचे छायाचित्र ताडून पाहावे. नळ तपासायचा असेल तर सर्व तोट्या बंद करून मीटर किंवा टाकीची पातळी रात्रभर लक्षात ठेवावी.

कारण कळले की खर्च कोणाचा हेही ठरते. उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती थांबवणे हे सोसायटीचे काम आहे, तर वरच्या घरातील न्हाणीघर किंवा शौचालयातून येणारी गळती संबंधित सदस्यांनी निस्तरायची असते. वरच्या शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी छायाचित्रे आणि प्लंबरचा लेखी अभिप्राय घेऊन जावे. माझ्या बाबतीत दोन वर्षे अडलेले काम तेवढ्याने पंधरा दिवसांत झाले. न्हाणीघर फोडावे लागले तर फक्त फरशी बदलून थांबू नये. जुन्या इमारतींत भिंतीतले लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात, त्यामुळे त्याच वेळी ते काढून सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) नळ टाकावेत, जलरोधक थर दिल्यावर पुन्हा चोवीस तास पाणी साठवून पाहावे, आणि नंतरच फरशी बसवावी. गिलावा नवा असेल तर तो नीट मुरून सुकेपर्यंत, साधारण चार आठवडे, रंग लावू नये. ही सर्व कामे मार्च ते मे या काळात उरकावीत, कारण जूननंतर पुण्याच्या हवेत भिंत वाळत नाही.

दुरुस्त करून विकताना

जुने घर स्वस्तात घ्यायचे, नीटनेटके करायचे आणि वर्षाच्या आत विकायचे, हा विचार आकर्षक आहे. पण आपल्याकडे व्यवहाराचा खर्चच इतका आहे की नफ्याला जागा थोडी उरते. पुण्यात ६० लाखांच्या घरावर ७ टक्क्यांनी ४,२०,००० रुपये मुद्रांक शुल्क, ३०,००० रुपये नोंदणी शुल्क, मध्यस्थाचे ६०,००० आणि सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य, जे महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये असते, एवढे प्रथम जाते. दुरुस्तीचे पाच लाख आणि ४० लाखांच्या कर्जावर आठ महिन्यांचे २,४०,००० रुपये व्याज मिळवल्यास खर्च ७२,७५,००० रुपयांवर पोहोचतो, आणि विकतानाचा मध्यस्थ धरला तर साडेत्र्याहत्तर लाखांखाली विकणे म्हणजे तोटा. खरेदी एखाद्या स्त्रीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्यावी. घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा अल्पकालीन ठरून त्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे आयकर लागतो. त्याहून अधिक काळ ठेवले आणि २३ जुलै २०२४ नंतर घेतलेले असेल, तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. म्हणून लहान गुंतवणूकदाराने दुरुस्तीनंतर दोन वर्षे भाड्याने देऊन मग विकण्याचा पर्याय मांडून पाहावा. मी तोच निवडला.

घेण्यापूर्वी मूळ करारापासूनची दस्तांची साखळी, वकिलाचा शोध अहवाल, मिळकतकर व सोसायटीची थकबाकी नसल्याचे दाखले पाहावेत. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा, कारण ती दर तीन वर्षांनी करून घेणे उपविधींना अपेक्षित आहे. अहवालच नसेल, तर येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आपल्याच वाट्याला येईल असे धरून भाव सांगावा.

ठेकेदाराला पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभराने द्यावेत. मजुरीचा दर सामानासह की सामानाविना, राडारोडा कोण उचलणार, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे. भिंत पाडण्याचा मोह टाळावा. सोसायटी आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय केलेला बदल विक्रीच्या वेळी ग्राहकाच्या बँकेच्या मूल्यांकनात अडतो. शोभेच्या छतापेक्षा नवे वायरिंग, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) यांवर पैसे घालावेत.

विकताना ओलीचा इतिहास लपवू नये. कोठे गळत होते, काय केले, कोणत्या महिन्यात केले आणि त्यानंतरचा पावसाळा कसा गेला, हे मी ग्राहकाला लिहून दिले होते. फरशी बसवण्यापूर्वी उघड्या भिंतीतल्या नळांची आणि तारांच्या नळ्यांची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढली होती, तीही पावत्या आणि हमीपत्रांसोबत एका फाइलीत घालून किल्लीबरोबर त्याच्या हाती दिली.