माकडांवरच्या लस-प्रयोगाचा शोधनिबंध कसा वाचावा

शोधनिबंध उघडला की सारांश आणि निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा. थेट पद्धतींच्या विभागात जा आणि एक आकडा शोधा: लस न दिलेल्या, म्हणजे कंट्रोल गटात माकडं किती होती, आणि मुद्दाम विषाणू दिल्यावर (यालाच चॅलेंज म्हणतात) त्यांतल्या किती जणांना संसर्ग झाला? सगळ्यांना झाला असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. कंट्रोलमधली सहापैकी दोन माकडं लसीशिवायच सुटली असतील, तर लस घेतलेली माकडं लसीमुळे सुटली की नशिबाने, हे तो प्रयोग सांगू शकणार नाही.

या प्रयोगांत गट लहानच असतात. माकडं महाग, बंदिस्त जैवसुरक्षा प्रयोगशाळेत जागा थोडी, शिवाय कमीत कमी प्राणी वापरायची नैतिक अट. म्हणून गटात बहुतेक वेळा चार ते आठ माकडं दिसतात. इतक्या थोड्या आकड्यांना फिशरची अचूक चाचणी लावतात आणि ती कागद-पेन्सिलीने करता येते. गटात तीन-तीन माकडं असली, कंट्रोलची तिन्ही बाधित आणि लसवाली तिन्ही सुखरूप राहिली, तरी दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू (लसीचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.१० येते. म्हणजे याहून चांगला निकाल शक्यच नसताना प्रयोग ०.०५ च्या रूढ रेषेखाली पोचत नाही. चार-चार असतील आणि निकाल असाच स्वच्छ असेल, तर ०.०२९. सहा-सहा असतील आणि कंट्रोलची सहाही बाधित झाली असतील, तर लस गटात दोन बाधित निघाल्यावर ०.०६, एकच निघालं तर ०.०१५. थोडक्यात, सहाच्या गटात निदान पाच जण वाचायला हवेत. सहापैकी सहा वाचले तरी हुरळून जाऊ नका. संसर्गाची खरी शक्यता ३९ टक्के असली तरीही सहाच्या सहा माकडं सुटण्याचा योग शंभरात पाच वेळा येतोच.

आता दुसरा प्रश्न: कंट्रोल गटाला काय टोचलं होतं? नुसतं सलाइन की लसीतलं बाकी सगळं, फक्त मुख्य प्रथिन सोडून? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण एड्सवरच्या लसीच्या इतिहासात त्याने मोठा गोंधळ घातला आहे. मारलेल्या एसआयव्ही विषाणूची (माकडांमधला एचआयव्हीचा भाऊबंद) लस दिलेली माकडं चॅलेंजमधून सुखरूप बाहेर पडत होती आणि सगळे खूश होते. १९९१ मध्ये असं दिसलं की ज्यांना विषाणू नसलेल्या नुसत्या मानवी पेशी टोचल्या होत्या, अशीही काही माकडं वाचली. झालं होतं असं: लसीचा विषाणू मानवी टी-पेशींत वाढवलेला आणि चॅलेंजचा विषाणूही मानवी पेशींतच. पेशीतून बाहेर पडताना विषाणू आपल्या आवरणात त्या पेशीची प्रथिनं घेऊन येतो. माकडाच्या शरीराने त्या मानवी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि त्यांनीच विषाणूला अडवलं. चॅलेंजचा विषाणू माकडाच्या पेशींत वाढवल्यावर हे संरक्षण टिकलं नाही.

म्हणून पद्धतींत या तीन गोष्टींवर खूण करा. कंट्रोलला रिकामा व्हेक्टर (लसीचं जनुक वाहून नेणारा विषाणू) किंवा नुसतं अ‍ॅडज्युव्हंट (प्रतिसाद वाढवणारा घटक) दिलं होतं का. लस कोणत्या पेशींत बनली आणि चॅलेंजचा साठा कोणत्या पेशींत वाढवला. आणि त्या साठ्याचं जनुकीय वाचन वापरण्याआधी केलं होतं का. तिसरी गोष्ट कोविडच्या निबंधांत फार महत्त्वाची आहे: सार्स-कोव्ह-२ व्हेरो ई६ (माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या) पेशींत वारंवार वाढवला की स्पाइक प्रथिनातली फ्युरिन-छेदाची जागा (जिथे कापलं गेल्यावर विषाणूला पेशीत शिरणं सोपं जातं) गळून पडते. असा साठा मूळ विषाणूसारखा वागत नाही आणि मग कमकुवत विषाणूला हरवल्याचं श्रेय लसीला मिळतं.

यानंतर विषाणूचं पूर्ण नाव वाचा, आखूड नावावर थांबू नका. 'एसएचआयव्ही' म्हणजे एसआयव्हीच्या शरीरावर एचआयव्हीचं आवरण, पण त्यांच्यातही वाण वेगवेगळे. ८९.६पी हा वाण माकडाच्या सीडी-४ (रोगप्रतिकारक) पेशी झपाट्याने संपवतो, त्यामुळे दिसायला भयंकर. तो पेशीत शिरायला सीएक्ससीआर-४ हा दरवाजा वापरतो, तर माणसांमध्ये पसरणारे बहुतेक एचआयव्ही सीसीआर-५ वापरतात. लसींना तो तुलनेने सहज हार जातो. अ‍ॅडिनोव्हायरस-५ या वाहक विषाणूवर बेतलेल्या लसीने त्याच्याविरुद्ध चांगला निकाल दिला होता. पण त्याच धर्तीच्या लसीची माणसांवरची 'स्टेप' चाचणी सप्टेंबर २००७ मध्ये थांबवावी लागली, कारण लसीचा काही उपयोग दिसत नव्हता. याउलट एसआयव्हीमॅक-२३९ हा एसआयव्हीचा वाण प्रतिपिंडांना दाद देत नाही. त्याच्याविरुद्ध थोडंसं यश मिळालं तरी त्याचं वजन जास्त. लसीतलं प्रथिन आणि चॅलेंजचा विषाणू एकाच वाणाचे असतील, तर ती परीक्षा सोपी समजा.

विषाणूची निवड रास्त असली तरी माकडांमधला टक्का जसाच्या तसा माणसांना लागू होत नाही. अ‍ॅडिनोव्हायरस-२६ च्या मोझॅक लसीने (एचआयव्हीच्या अनेक वाणांचे तुकडे जोडून बनवलेली लस) २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा चॅलेंजनंतर ६७ टक्के संरक्षण दाखवलं. त्याच धर्तीच्या लसींच्या माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या, इम्बोकोडो २०२१ मध्ये आणि मोझाइको २०२३ मध्ये, संरक्षण न दिसल्याने बंद झाल्या.

मग माकडं कोणती? 'ऱ्हीसस' (लाल तोंडाच्या माकडांची जात) एवढं पुरत नाही. भारतीय वंशाची ऱ्हीसस माकडं आणि चिनी वंशाची ऱ्हीसस माकडं एसआयव्हीला वेगवेगळा प्रतिसाद देतात. चिनी वंशाच्या माकडांत रक्तातलं विषाणूचं प्रमाण सहसा कमी राहतं. (भारताने १९७८ मध्ये निर्यात बंद केली, त्यामुळे परदेशी प्रयोगांतली 'भारतीय' माकडं म्हणजे तिथल्याच प्रजनन केंद्रांतली संतती.) एका वंशातली लस दुसऱ्या वंशातल्या जुन्या कंट्रोलशी ताडून पाहिली असेल, तर तो निबंध तिथेच मिटला तरी चालेल. एसआयव्हीच्या निबंधात जनुकांचा तक्ता शोधा: मामू-ए*०१, मामू-बी*०८, मामू-बी*१७ ही प्रतिकारशक्तीची जनुकं असलेली माकडं लसीशिवायही विषाणूला आवर घालू शकतात. ती दोन्ही गटांत सारखी वाटलेली हवीत. ट्रिम-५ जनुकाचे काही प्रकार एसआयव्हीच्या एसएमई-६६० वाणाला अडवतात, मॅक-२३९ ला नाही. म्हणजे कोणतं जनुक तपासायचं तेही विषाणूवर ठरतं. माकडं एसआरव्ही, एसटीएलव्ही आणि बी-विषाणू या माकडांतल्या इतर विषाणूंपासून मुक्त होती का, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ नसेल तर का नाही, याचा विचार करा.

चॅलेंज कधी दिला हेही पाहा. कोव्हॅक्सिनच्या प्रयोगात दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी विषाणू दिला होता, मॉडर्नाच्या प्रयोगात चार आठवड्यांनी. दोन्ही वेळा प्रतिपिंडं शिखराजवळ असतात. असा प्रयोग लस काम करू शकते का हे सांगतो. वर्षभराने काय होईल, हे त्यातून काढू नका.

एकदाच मोठा डोस द्यायचा की दर आठवड्याला लहान डोस, यावर हिशेबाची पद्धत बदलते आणि इथेच वाचक सर्वांत जास्त फसतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. कंट्रोलची सहा माकडं अनुक्रमे १, १, २, २, ३, ३ चॅलेंजनंतर बाधित झाली. एकूण चॅलेंज १२, संसर्ग ६, म्हणजे दर चॅलेंजला ५० टक्के धोका. लस गटातली चार माकडं २, ४, ५, ७ चॅलेंजनंतर बाधित झाली आणि दोन आठही चॅलेंज झेलून कोरडी राहिली. एकूण चॅलेंज ३४, संसर्ग ४, धोका सुमारे १२ टक्के. दर चॅलेंजमागचं संरक्षण सुमारे ७६ टक्के निघतं. पण शेवटी किती माकडं वाचली असं विचारलं, तर सहापैकी दोनच, म्हणजे ३३ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. शीर्षकात कोणता छापलाय ते बघा आणि दुसरा स्वतः काढा.

मोजमापाच्या विभागात 'विषाणूचा आरएनए' असं मोघम लिहिलेलं चालवून घेऊ नका. नाकात ओतलेला विषाणू मेला तरी त्याचा जीनोम काही दिवस स्वॅबमध्ये सापडतो. पेशीत शिरून विषाणू खरोखर वाढतोय का हे कळण्यासाठी कोविडच्या प्रयोगांत सबजीनोमिक आरएनए मोजतात, कारण तो बाधित पेशीतच तयार होतो. आलेखात खाली एक तुटक रेषा असते, ती मोजणीची मर्यादा. तिच्यावर चिकटलेला ठिपका म्हणजे शून्य नव्हे, 'आमच्या यंत्राला दिसलं नाही' एवढंच. उभा अक्ष लॉगमध्ये असतो; दोन घरांचा फरक म्हणजे शंभर पट.

नमुना कुठून घेतला? ऑक्सफर्डच्या लसीचा एकच डोस दिलेल्या ऱ्हीसस माकडांची फुप्फुसं न्यूमोनियापासून वाचली, पण नाकातल्या स्वॅबमध्ये लसवाल्या आणि बिनलशीच्या माकडांत फरक दिसला नाही. मॉडर्नाच्या प्रयोगात १०० मायक्रोग्रॅमच्या गटात आठपैकी एकाही माकडाच्या नाकात दुसऱ्या दिवशी विषाणूची वाढ सापडली नाही. 'संरक्षण' हा एकच शब्द दोन्ही निकालांना लावला जातो, अर्थ मात्र वेगळा. चॅलेंजनंतर लस गटातली प्रतिपिंडं पुन्हा उसळली का, हेही तपासा. विशेषतः लसीत नसलेल्या विषाणू-प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं वाढली असतील, तर विषाणू आत थोडाफार वाढला होता, स्वॅब कोरडा असला तरी.

आजार आणि संसर्ग यांची गल्लत करू नका. ऱ्हीसस माकडांना कोविड सौम्यच होतो, म्हणून 'लस गंभीर आजार टाळते' हा दावा त्यांच्यावर सिद्ध होत नाही. डेंग्यूचा विषाणू त्यांच्या रक्तात फिरतो, पण माणसासारखा आजार दिसत नाही. इबोलात नेमकं उलट: प्रयोगात बिनलशीची सायनोमोल्गस जातीची माकडं जवळपास सगळी दगावतात, त्यामुळे तिथे जगणं-मरणं हाच निकाल आणि तो वाचायला सोपा.

प्रतिपिंडांचा टायटर (रक्तातली पातळी) आणि संरक्षण यांचा आलेख वर चढताना दिसला की प्रतिपिंडंच कारण, असं मानायचा मोह होतो. पक्का पुरावा हवा असेल तर पुढची पायरी शोधा: बऱ्या झालेल्या माकडांचं शुद्ध आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडं) नव्या माकडांना टोचून चॅलेंज दिला का, किंवा सीडी-८ पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या) काढून टाकल्यावर संरक्षण कमी झालं का. कोविडमध्ये हे दोन्ही केलं गेलं. आयजीजीने संरक्षण दिलं, आणि प्रतिपिंडं ओसरलेल्या माकडांत सीडी-८ पेशींचाही वाटा निघाला.

सरासरीच्या रेषेपेक्षा प्रत्येक माकडाची स्वतंत्र रेषा बघा. ऱ्हीसस सायटोमेगॅलोव्हायरसच्या व्हेक्टरवर बेतलेल्या एसआयव्ही लसीत निम्म्याहून थोडी जास्त माकडं विषाणूला पूर्ण आवर घालतात, बाकीच्यांवर लसीचा काहीच परिणाम दिसत नाही. यांची सरासरी काढली तर 'मध्यम परिणाम' असा निकाल येईल, जो एकाही माकडाला लागू नाही. मग पूरक तक्ते उघडा आणि प्रत्येक आकृतीतले ठिपके मोजा. पहिल्या आकृतीत सहा आणि चौथ्यात पाच असतील, तर सहाव्या माकडाचा क्रमांक शोधा आणि ते कधी व का वगळलं ते वाचा. चॅलेंजआधी वगळलं असेल तर सहसा कारण पटतं. चॅलेंजनंतर वगळलं असेल, तर ते माकड बाधित धरून वरची फिशरची चाचणी पुन्हा करा.