सोलता येणारं संत्रं: भातुकलीचा खाऊ क्रोशाने कसा विणावा

भाची चार वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी आठवडी बाजारातून भातुकलीचा संच आणला होता. पिझ्झा, बर्गर, स्ट्रॉबेरी, सगळं प्लास्टिकचं. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात यातलं काहीच पिकत नाही, घरीही कोणी करत नाही. पोरगी तो पिझ्झा तव्यावर टाकून थापायला लागली, कारण तिला गोल म्हणजे भाकर एवढंच ठाऊक. दोन महिन्यांत त्याचे काठ चिरले, तुकडे उकिरड्यावर गेले आणि तिथे अजून तसेच पडून आहेत.

तेव्हापासून मी भातुकलीचा खाऊ सुताने विणते. घराबाहेर पाऊल टाकलं की कापूस, तासाभराच्या वाटेवर संत्र्याच्या बागा, रोजच्या ताटात भाकर, वांगं, मिरचीचा ठेचा. लेकरांच्या खेळण्यातही तेच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना क्रोशाची सुई धरता येते, त्यांना हे आठवड्याभरात जमेल. कधीच धरली नसेल तर भाकरीपासून सुरुवात करा. ती सपाट असते आणि चूक लगेच दिसते.

सूत, सुई आणि आत भरायला कापूस

सूत शंभर टक्के सुती घ्या. दुकानात 'लोकर' म्हणून जी रंगीत गुंडी मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रेलिक असते, म्हणजे प्लास्टिकच. ओळखायचं असेल तर एक धागा काडीने पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. ॲक्रेलिक वितळतं आणि त्याची कडक काळी गोळी होते. मध्यम जाडीचं सूत असेल तर २.५ मिलिमीटरची सुई लागते. सुई सुताच्या मानाने जरा बारीकच बरी, म्हणजे टाके घट्ट बसतात आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही. चरख्यावरचं सूत मिळालं तर फारच छान, पण ते बारीक असतं, म्हणून चार-सहा पदर एकत्र धरावे लागतात. सेवाग्राम, वर्ध्याच्या भागात चरख्याची सवय असलेली घरं आजही सापडतात.

आत भरायला गादीवाल्याकडची पिंजलेली रुई घ्या. घरचा कापूस वापरणार असाल तर सरकी एकेक करून काढा. एकही राहू देऊ नका, कारण शिवण उसवली तर ती लेकराच्या तोंडात जाते. फवारणीनंतर लगेच वेचलेला कापूस खेळण्यासाठी घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ते आठवलं की या बाबतीत मी कुठलीच सवलत देत नाही. रुई कमी पडली तर जुन्या सुती लुगड्याच्या बारीक चिंध्या भरा. त्यांनी खेळणं थोडं जड होतं आणि लेकरांच्या हाताला ते आवडतं.

याशिवाय बोथट टोकाची जाड सुई, कात्री आणि फेरी कुठे सुरू झाली ते कळण्यासाठी वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा लागतो.

रंग

रंगीत सुती गुंड्या विकत मिळतात आणि त्या वापरल्या तरी चालेल. मी मात्र घरीच रंगवते. गोष्ट लेकराच्या तोंडात जाणार असली की कोणता रंग गेला ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

माझं पहिलं संत्रं मी हळदीने रंगवलं होतं. हळद तर आमच्या वर्धा जिल्ह्याचीच, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रंग सुरेख चढला. आठ दिवसांनी संत्रं मळलं म्हणून कपड्याच्या साबणाने धुतलं, तर ते डोळ्यांदेखत लालभडक झालं. आईने बघितलं आणि म्हणाली, "अगं, हळदीला चुना लावला की कुंकू होतं ना, तसंच हे." साबणातला खार आणि हळद यांचं तसंच होतं. लिंबाच्या पाण्यात बुडवल्यावर पिवळा रंग परत आला, पण पुढे उन्हाने उडूनही गेला. म्हणून हळद फक्त सावलीत खेळायच्या आणि क्वचित धुवायच्या वस्तूंना.

टिकाऊ रंगासाठी सुताची आधी तयारी करावी लागते. लोकर किंवा रेशीम रंग सहज धरतं, सूत धरत नाही. १०० ग्रॅम सुताची सैल लडी बांधून धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळा, म्हणजे त्यातलं मेण निघतं. मग २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्या, त्या पाण्यात लडी रात्रभर ठेवा आणि न धुता पिळून सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी १५ ते २० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात लडी पुन्हा काही तास बुडवून ठेवा. हिरडा सुताला घट्ट धरतो आणि तुरटी रंगाला. दोघांपैकी एकाला गाळलं तर पहिल्याच धुण्यात पाणी रंगीत होतं.

आता रंगाचं पाणी. डाळिंबाची वाळलेली साल उकळली की पक्का पिवळा रंग येतो. त्यात मंजिष्ठेची पूड चमचा-चमचा घालत गेलात की पिवळ्याचा नारिंगी होतो. हव्या त्या छटेला थांबा. मंजिष्ठा काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, तीच जास्त घातली तर मिरचीचा लाल होतो. कांद्याच्या टरफलांनी तांबूस पिवळा येतो. फाल्गुनात पळस फुलला की फुलं वाळवून ठेवा, त्यांचाही केशरी-पिवळा छान येतो, मात्र धुण्याला तो जरा नाजूक असतो. लडी रंगात पाऊण तास मंद आचेवर ठेवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. गंज, म्हणजे पातेलं, स्टीलचा घ्या. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. तो गंज नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

वांग्याचा जांभळा घरी काढायचा हट्ट मी सोडून दिला. त्यासाठी विकतचं सूत आणते. विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक सूत घासून बघा, विकतचंही. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवायचं.

संत्रं

नागपुरी संत्र्याची खरी गंमत त्याच्या सैल सालीत आहे. ते नखाने सोलता येतं, मग फोडी सुट्या होतात आणि वाटून खाता येतात. म्हणून नुसता नारिंगी चेंडू विणला तर ते संत्रं होत नाही. साल वेगळी आणि फोडी वेगळ्या विणायच्या.

यात फक्त मुका खांब लागतो. सुई टाक्यात घाला, सूत ओढून आणा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा सूत घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढा. साधा टाका म्हणजे एका टाक्यात एक मुका खांब, वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब.

एक फोड अशी:

१. सुताचा सैल फास सुईवर घ्या आणि त्यातून सूत ओढून दोन साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब.
२. प्रत्येक टाक्यात वाढ, एकूण १२.
३. एक टाका साधा, एकात वाढ, असं सहा वेळा. एकूण १८.
४. दोन साधे, एकात वाढ, असं सहा वेळा. एकूण २४.

ही चकती झाली, साधारण चार सेंटिमीटर व्यासाची. ती मध्यावर दुमडा, म्हणजे अर्धचंद्र होतो. दोन्ही कडांचे समोरासमोरचे टाके एकत्र घेऊन १२ मुके खांबांनी कड बंद करत या. शेवटचे तीन टाके उरले की बोराएवढी रुई आत सारा आणि बंद करा. अशा आठ फोडी करा. खऱ्या संत्र्यात दहा-अकरा असतात, पण आठच नीट मावतात.

मग न रंगवलेल्या सुताने प्रत्येक फोडीच्या पाठीवर दोन-तीन वाकडेतिकडे लांब टाके घाला. त्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरा. मी हे सहज म्हणून केलं होतं. भाचीने पहिली फोड हातात घेतली, आजोबा काढतात तशी चिमटीने शीर ओढायला लागली, निघेना म्हणून फोड माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आत्या, तू काढ." तेव्हापासून मी ते टाके दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारून पक्के करते, कारण प्रत्येक लेकरू ते ओढतंच.

सालीच्या दोन वाट्या विणायच्या. सुरुवात फोडीसारखीच, आणि दर फेरीत सहा टाके वाढवत ६, १२, १८, २४, ३०, ३६ पर्यंत जा. मग वाढ न करता ३६ टाक्यांच्या चार फेऱ्या. दुसरी वाटी तशीच विणा आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून सहा टाक्यांपुरत्या शिवा, म्हणजे बिजागरीसारखी उघडतात. देठाच्या जागी हिरव्या सुताची छोटी गाठ मारा, बटण लावू नका. आत फोडी ठेवून वाटी मिटली की संत्रं तयार. साल एकसारखी नारिंगी झाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. दिवाळीच्या सुमाराला येणाऱ्या अंबिया बहाराच्या संत्र्यालाही हिरवट पिवळा डाग असतोच.

भाकर

भाकरीला रंगच लागत नाही. न रंगवलेल्या सुताचा जो मळकट पांढरा, तोच ज्वारीचा. वरच्याच पद्धतीने दर फेरीत सहा टाके वाढवत १२ फेऱ्यांपर्यंत जा, शेवटी ७२ टाके होतील आणि भाकर अकरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. चकतीला झालर पडायला लागली तर वाढ जास्त होते आहे, वाटीसारखी वर उचलली तर कमी पडते आहे किंवा हात घट्ट आहे. वाढ दर फेरीत एकावर एक आली तर सहा कोपरे दिसतात, म्हणून ती थोडी पुढेमागे सरकवत जा.

अशा दोन चकत्या करा आणि कडेने पाऊण भागच जोडा. पाव भाग उघडा ठेवा. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत ठेचा भरतात ना, तसं लेकरांना करता येतं. वरच्या बाजूला कांद्याच्या टरफलांनी रंगवलेल्या सुताने आठ-दहा छोटे टाके विखरून घाला, ते तव्याचे डाग.

मिरची, वांगं आणि बाकीचं

मिरची टोकाकडून विणतात. ४ टाक्यांनी सुरुवात, दोन साध्या फेऱ्या, मग दोन टाके वाढवून ६, तीन साध्या फेऱ्या, पुन्हा ८ आणि शेवटी १०. सात-आठ सेंटिमीटर लांब झाली की रुई भरून तोंड बंद करा आणि हिरवा देठ शिवा. एका बाजूचे टाके किंचित घट्ट ओढले की ती आपोआप वाकते. वांगं म्हणजे ३० टाक्यांपर्यंतचा गोळा, जरा लांबट, वर पाच पाकळ्यांची हिरवी टोपी. भरल्या वांग्याचं करायचं असेल तर खालून एक चीर न शिवता ठेवा आणि आत कापडाचं अस्तर लावा. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी साखळ्यांचे हिरवे गोफ एकत्र बांधून होते.

तुरीच्या शेंगेतले दाणे मात्र सुटे करू नका, आतच पक्के शिवा. तीन वर्षांखालच्या लेकराला सव्वातीन सेंटिमीटर रुंद आणि पावणेसहा सेंटिमीटर खोल नळीत मावेल अशी कोणतीही सुटी वस्तू देऊ नये, ती घशात अडकू शकते. मणी, बटणं, चिकटवलेले डोळे यांना या खाऊत जागाच नाही. संत्र्याच्या सुट्या फोडीही एवढ्या लहानग्याला देऊ नका.

विकायचा विचार असेल तर

बचत गटाच्या बायका हे विचारतात, म्हणून लिहिते. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेच्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे आधी कारागीर म्हणून ओळखपत्र काढा, मग मेळाव्यात मांडा. घरच्या आणि शेजारच्या लेकरांसाठी विणायला यातलं काही लागत नाही. भुलाबाईच्या दिवसांत मुली गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात, तेव्हा खाऊ डब्यात घालून शेजारच्या मुलींना ओळखायला लावा, विणलेली वांगी-मिरची त्यासाठी फार उपयोगी पडते. डबा हलवून आवाज येत नाही, तेव्हा मुली बराच वेळ अडकतात.

धुणं आणि ठेवणं

रिठ्याच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि जाळीत टांगून सावलीत वाळवा. आतली रुई वरून कोरडी वाटली तरी दोन दिवस ओली असते, म्हणून पावसाळ्यात धुणं टाळा आणि उघडीप पडली की धुवा. रुईच्या गुठळ्या झाल्या तर कड उसवून बोटांनी पिंजून पुन्हा भरा. ठेवताना फडक्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका. आणि फोडी मोजून ठेवा, एक तरी नेहमी बाजेखाली सापडते.