हक्क माझा, भुर्दंड शेजाऱ्याचा? व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलताना या चुका टाळा

अंबाजोगाई-लातूर पट्ट्यात वक्तृत्व स्पर्धांना आणि अभ्यासवर्गांना तोटा नाही. परीक्षक म्हणून बसलं की व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय हमखास निघतो आणि त्याच त्या चुका कानावर येतात. पोरं हुशार आहेत, पण घाई फार. दोन मिनिटांचं रील बघून रॉबर्ट नॉझिक, म्हणजे कमीत कमी सरकार मागणारा अमेरिकी तत्त्वज्ञ, पाठ, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर निकाल जाहीर.

"माझी जमीन, माझं बोअर, माझं पाणी"

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते. एका शिबिरात एका पोरानं हे चक्क जॉन लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नावावर खपवलं. श्रम केले, मालकी झाली, विषय संपला! मागच्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उठले. त्यांच्या बांधाला लागून शेजाऱ्यानं सहाशे फुटांचं बोअर घेतलं आणि यांची बापजाद्याची विहीर त्याच उन्हाळ्यात आटली. मोसंबीची बाग तोडून सरपणाला विकावी लागली. पोरगं म्हणालं, "मग तुम्हीही सातशे फूट घ्यायचं होतं, काका. ती तुमची वैयक्तिक जबाबदारी."

"अन् त्यानं आठशे घेतलं म्हंजी?"

निम्मा मांडव हसत चहाला उठला. पोरगं कागदावरचा पुढचा मुद्दा वाचत राहिलं.

लॉकनं श्रमातून मालकी येते असं म्हटलं हे खरंच. पण त्याच प्रकरणात अट आहे: इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. नॉझिकचा १९७४ चा ग्रंथ तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटावा. वाळवंटातला एकमेव पाणवठा बळकावून मनमानी दर लावता येणार नाही, असं तो सांगतो. बाकीचे सगळे पाणवठे आटले आणि एकट्याचाच उरला, तरी त्याला तो हक्क नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात टँकरचा भाव ज्यानं मोजलाय त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

जुना कायदा बोअरवाल्याच्या बाजूनं आहे, हे मान्य. १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी उपसू देतो. पण आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून फिरतं. त्याला सातबारा वाचता येत नाही. कायद्यानं चालतं म्हणून ते स्वातंत्र्याच्या तत्त्वातही बसतं, असं नाही.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. बोलायला उभं राहण्याआधी वहीत तीन रकाने आखायचे: निर्णय कोणाचा, भुर्दंड कोणाला, नाही म्हणायची मुभा कोणाला होती. ते भरेपर्यंत माझ्या वर्गात कुणाला विचारवंताचं नाव घेऊ देत नाही. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

"म्हणजे सरकारच नको"

नॉझिकलाही पोलीस, न्यायालय आणि करारांची अंमलबजावणी हवी होती. अजिबात सरकार नको म्हणणारा अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड वेगळा. दोघांची खिचडी करू नका.

"हे स्वातंत्र्यवादी लोक गरिबाला दमडीही देऊ देत नाहीत"

खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ हायेक, त्यालाही गरिबाला सरकारनं किमान आधार देणं मान्य होतं. त्याच पंथातल्या अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननं १९६२ मध्ये कमी उत्पन्नवाल्याला सरकारनंच रोख पैसे द्यायची योजना मांडली. आणि कादंबरीकार आयन रँडचा दाखला देणाऱ्यांनो, बाईंनी स्वतःला या स्वातंत्र्यवादी गटात मोजायला साफ नकार दिला होता.

"कर्ज काढलंस, तू फेड"

बोअरची चूक उलटी केली की ही तयार होते. तिथं हक्क घेऊन जबाबदारी ढकलली, इथं हक्क काढून घेऊन जबाबदारी गळ्यात मारली. शहरात चार वर्षं काढून आलेल्यांच्या तोंडी ही जास्त.

जबाबदारी माझी, पण केव्हा? निर्णय माझा असेल तेव्हा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनला चांगला भाव होता, तेव्हा केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला वाट करून दिली. आयातीला माझी ना नाही, पण मग निर्यात आणि साठाही मोकळा हवा. डिसेंबरात बाजार नियामक सेबीनं सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले. तुरीवर साठामर्यादा लागते, कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद होते. लातूरच्या आडतीत माल घेऊन बसलेल्याला यातलं काही कुणी विचारलं होतं का? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा कर्जाबाबतचा युक्तिवाद हाच होता: सरकारनं भाव पाडले, कर्ज त्यातून आलं. नॉझिकच्या न्यायकल्पनेतही झालेल्या अन्यायाची भरपाई हे स्वतंत्र तत्त्व आहे.

तिसरा रकाना भरला की हे आपोआप दिसतं. मात्र तोच रकाना दुसऱ्या बाजूनंही चालवा. पोरीच्या लग्नात पाचशे पानं उठवायला काढलेलं कर्ज धोरणाच्या खात्यावर टाकू नका.

"बंदी मोडली म्हणजे स्वातंत्र्यसैनिक"

२०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी बंदी असलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या जीएम) कापसाचं बियाणं जाहीर सांगून पेरलं, गुन्हे अंगावर घेतले. रात्री बिलाशिवाय पाकिटं विकणारा आणि उगवलं नाही की फोन बंद ठेवणारा त्यांच्या पंगतीत बसत नाही.

बाजारात मोकळीक, घरात पहारा

सोयाबीनच्या खुल्या बाजारावर घसा कोरडा करणारे बहिणीनं जोडीदार स्वतः निवडला की गावकी बोलावतात. सज्ञान माणसाच्या संमतीत तिसऱ्याचं काय काम? विशेष विवाह कायद्यातली लग्नाआधीची, कुणालाही हरकत घेऊ देणारी ३० दिवसांची जाहीर नोटीस याच तत्त्वानं टोचायला हवी. यावर टाळ्या कमी पडतात. म्हणून तर पोरं हा मुद्दा गाळतात.

"मालमत्ता हा मूलभूत हक्क आहे"

स्पर्धा परीक्षेवाल्यांनो, नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांतून गेला. आता कलम ३००अ खाली तो घटनात्मक हक्क आहे. "असायला हवा" म्हणा, माझंही तेच मत आहे. पण "आहे" लिहिलंत तर मी गुण कापणार.

वाचायला घ्यायचंच असेल तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९ चं स्वातंत्र्यावरचं पुस्तक घ्या. लहान आहे. चौथ्या प्रकरणापासून सुरू केलंत तरी चालेल. व्यक्तीवर समाजाचा अधिकार कुठपर्यंत, ते तिथं आहे. फक्त इंटरनेटवरचा सारांश वाचून माझ्यासमोर उभे राहू नका, दुसऱ्या प्रश्नालाच कळतं.