गॅरेजची खोली करताना भिंतींचे उष्णतारोधन : इंग्लंडच्या नियमांत बसणारी पद्धत

इंग्लंडमधील घरांना जोडलेल्या बऱ्याच गॅरेजच्या भिंती एकेरी विटेच्या, म्हणजे जेमतेम १०२ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि ठरावीक अंतरावर विटांचे खांब काढून त्यांना आधार दिलेला असतो. अशा भिंतीचे यू-व्हॅल्यू, म्हणजे आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून निसटणारी उष्णता, ३ वॅटच्याही वर असते. मोटारीला त्याचे काही वाटत नाही. परंतु त्याच जागेची राहण्याची खोली करायची ठरवली की इमारतीचा तो भाग नियमांच्या दृष्टीने थंड जागेतून गरम जागेत येतो आणि त्याला बिल्डिंग रेग्युलेशन्सचा, म्हणजे बांधकाम नियमांचा, ऊर्जाबचतीविषयीचा ‘भाग एल’ लागू होतो.

१५ जून २०२२ पासून अमलात असलेल्या मार्गदर्शक दस्तऐवजानुसार, जी जुनी भिंत तशीच ठेवून आतून अस्तर लावायचे आहे, तिचे यू-व्हॅल्यू ०.३० पर्यंत खाली आणावे लागते. गॅरेजचे दार काढून तिथे जी नवी भिंत बांधली जाते, तिला मात्र नवे बांधकाम समजून ०.१८ ची अट लावतात. एकाच खोलीत दोन वेगळ्या अटी असतात, ही गोष्ट कामाला सुरुवात करण्यापूर्वीच कंत्राटदाराशी बोलून घ्यावी. हे आकडे फक्त इंग्लंडचे आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम स्वतंत्र आहेत.

या आकड्यांना एक सवलतही आहे. अस्तरामुळे खोलीचे क्षेत्रफळ ५ टक्क्यांहून अधिक घटत असेल, तर कमी दर्जाचे रोधनही चालू शकते. अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब गॅरेजच्या एका लांब भिंतीला १६ सेंटिमीटरचे अस्तर दिले की सुमारे साडेसहा टक्के जागा जाते, म्हणजे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तरीही ती सवलत आपोआप मिळत नाही, बिल्डिंग कंट्रोलच्या, म्हणजे काम नियमांनुसार होते की नाही हे तपासणाऱ्या यंत्रणेच्या, निरीक्षकाला ती मान्य व्हावी लागते; आणि माझ्या मते ती मागूही नये, कारण वाचवलेल्या चार सेंटिमीटरांची किंमत पुढचा प्रत्येक हिवाळा वसूल करतो.

एकेरी विटेची भिंत पावसात आरपार भिजू शकते, म्हणून रोधक बोर्ड तिला थेट चिकटवणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. भिंतीपासून सुमारे ५० मिलिमीटर अंतर सोडून लाकडी चौकट स्वतंत्रपणे उभी करावी, तिला विटेचा कुठेही स्पर्श होऊ देऊ नये आणि मधल्या पोकळीत खालून-वरून हवा खेळती राहील अशी सोय करावी. चौकटीच्या तळाच्या लाकडाखाली ओलरोधक पट्टी अंथरावी व ती जमिनीतल्या ओलरोधक पडद्याला जोडून घ्यावी. चौकटीच्या थंड बाजूला, म्हणजे विटेकडच्या अंगाला, पाणी अडवणारा पण बाष्प जाऊ देणारा पडदा लागतो. चौकट उभी केल्यानंतर तिथे हात पोहोचत नाही, त्यामुळे ती जमिनीवर आडवी असतानाच पडदा ताणून स्टेपल करावा आणि मगच ती उभी करावी. विटांचे खांब आड येतात म्हणून ते फोडण्याचा मोह मात्र टाळावा. भिंतीचा तोल त्यांच्यावरच असतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. चौकट त्यांच्या पुढून न्यावी किंवा खांबाजवळ तोडून खांबावर रोधनाचा वेगळा थर वळवून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा, रोधन किती आणि कुठे. पीआयआर बोर्डाची, म्हणजे कडक फोमच्या रोधक बोर्डाची, उष्णतावाहकता ०.०२२ च्या आसपास असते, तर लाकडाची ०.१३, म्हणजे जवळजवळ सहापट. चौकटीतील लाकूड भिंतीच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रफळ व्यापते असे धरले, तर १०० मिलिमीटरचा सगळा बोर्ड लाकडांच्या मधल्या खणांत भरूनही यू-व्हॅल्यू ०.३० ते ०.३२ वर येऊन अडते, कारण प्रत्येक लाकडातून उष्णतेला बाहेर जायला वाट मोकळी असते. तेवढाच बोर्ड ७५ मिलिमीटर लाकडांच्या मध्ये आणि २५ मिलिमीटर लाकडांवरून अखंड असा विभागला, की तेच मूल्य ०.२५ ते ०.२७ पर्यंत उतरते. साहित्य तेवढेच आणि जाडीही तेवढीच. फरक फक्त रचनेचा आहे. म्हणून एक थर तरी लाकडांवरून सलग गेलाच पाहिजे, या बाबतीत तडजोड करू नये. प्रत्यक्ष बोर्डाच्या नेमक्या वाहकतेवरून केलेले गणित कागदावर असावे, कारण निरीक्षक ते मागतो.

बोर्ड कापताना तो खणात घट्ट बसेल इतकाच कापावा. कडेची फट फोमने भरावी आणि बाहेर आलेला फोम सुकल्यावर सुरीने सपाट करावा. सलग थराचे सर्व सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद केले की त्याचा चकाकता पृष्ठभागच बाष्परोधकाचे काम करतो. हा थर नेहमी उबदार बाजूला असावा. खोलीतली दमट हवा एकदा मागे शिरली, की ती थंड विटेवर पाणी सोडते आणि लाकूड आतल्या आत कुजत जाते. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या कडांवरही रोधनाचा पातळ थर द्यावा, नाहीतर बुरशी प्रथम तिथेच धरते.

विजेच्या तारा रोधनात गुरफटल्या की तापतात, त्यांची भारक्षमता कमी धरावी लागते. त्या शक्यतो सलग थराच्या पुढे, २५ मिलिमीटरच्या आडव्या पट्ट्यांनी तयार केलेल्या पोकळीतून न्याव्यात, म्हणजे प्रत्येक सॉकेटसाठी बाष्परोधक फाडावा लागत नाही. पॉलिस्टायरीन वापरत असाल तर पीव्हीसी वेष्टनाची तार त्याला टेकू देऊ नये, कारण त्या स्पर्शाने वेष्टन कालांतराने कडक होते. पीआयआर ज्वलनशील असल्यामुळे तो उघडा न ठेवता त्यावर किमान १२.५ मिलिमीटरचा प्लास्टरबोर्ड लावावा. शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला याखेरीज आग आणि आवाज यांचे वेगळे नियम लागतात.

दाराच्या जागी येणारी भिंत दोन पदरांची बांधावी. बाहेर वीट, आत हलका ब्लॉक आणि मधल्या १५० मिलिमीटर पोकळीत चांगल्या प्रतीची मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) भरली तर ०.१८ ची अट पूर्ण होते. दाराखाली पाया असेलच असे नाही, म्हणून आधी एक खड्डा खणून पाहावे. नव्या भिंतीतील ओलरोधक थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर राहील याची खात्री करून घ्यावी.

कामाची सूचना नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलला किंवा नोंदणीकृत खासगी संस्थेला काम सुरू होण्याआधीच द्यावी लागते. रोधन बसले आणि प्लास्टरबोर्ड अजून लागला नाही, त्या टप्प्यावर निरीक्षकाला बोलवावे. आधीच बोर्ड ठोकले तर तो ते काढायला लावू शकतो. त्याच वेळी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र घराच्या कागदपत्रांत ठेवावे, कारण घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर, म्हणजे व्यवहार पाहणारा वकील, ते मागतो.